टंच

कोइमतूरहून लेंगऱ्याला आलो तेव्हा
मराठी मला येत होती.
म्हणजे भूक लागली, दार लाव, लाईट घालव,
आणि अप्पांच्या कारागिरांच्या चार शिव्या.
अप्पा हा शब्द तर दोन्हीकडे चालायचा.
लिहिता मात्र एक ओळ येत नव्हती.
सकटे सर म्हणाले, दहावीचं वर्ष आहे, पोरी.
तोंडी परीक्षेत तरशील, बाकी सगळं कागदावर.
पुस्तक पुढं सरकवलं
आणि दुसऱ्या वर्गावर गेले.

तिथल्या लिपीत क ख ग घ
एकाच अक्षरात राहायचे,
दुकानामागच्या खोलीत आम्ही चौघं राहायचो तसे.
कोण बोललं ते अंदाजानं ओळखायचं.
इथं प्रत्येकाला वेगळं दार,
आणि जून-जुलै मी
ख च्या उंबऱ्यावर उभी राहून घ ला हाका मारत होते.

क्लास नव्हता. गावात होता तो गणिताचा,
मराठीला क्लास कोण लावतं?
मग पाट्या वाचल्या.
विट्याच्या स्टँडवर 'खवा मिळेल' लिहिलेलं,
मी दुकानदाराला विचारलं, रववा म्हणजे काय ओ?
लग्नपत्रिका वाचल्या, चुलत्यांच्या घरातल्या सगळ्या,
ज्यांची लग्नं मोडली त्यांच्यासुद्धा.
द्राक्षाच्या औषधाच्या डब्यावरचं 'विष',
एसटीत 'सुट्टे पैसे द्यावेत',
चौकातल्या फ्लेक्सवर दुःखद निधन, खाली हसरा फोटो.
विसर्ग मी तिथं शिकले.

ऱ्हस्व-दीर्घ दिवाळीनंतर.
तमिळमध्ये लांबी कानाला कळते.
इथं बोलताना सगळी एकाच मापानं बोलतात
आणि लिहिताना फूटपट्टी काढतात.

सरावाला उतारे पुरेनात.
आईच्या ट्रंकेत अप्पांची जुनी पत्रं होती,
लग्न होऊन ती इथं, ते तिकडं, त्या दोन वर्षांतली.
अप्पा चौथीतून उठले ते थेट
मामाच्या मागं गलाईच्या मुशीपाशी.
लाल पेन घेऊन बसले.
सूट्टी. पाउस. आशिर्वाद. तबेत बरी आहे.
एका पानावर बावीस चुका.
वर्षभरात पहिल्यांदा
माझ्यापेक्षा कच्चं कुणीतरी सापडलं होतं.

चौथ्या पत्रात,
काळजी करू नको, आपले दीन येतील.
दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे गरीब.
व्याकरणाच्या पुस्तकात ही जोडी पहिलीच.
पेन टेकवलं.
तिकडं अप्पा आता दुसऱ्याच्या भट्टीवर रोजानं होते,
दुकानाची पाटी भंगारात किलोवर गेलेली.
पेन उचललं.
आईनं विचारलं, काय वाचतीस?
म्हटलं, समानार्थी शब्द.

निकाल लागला. मराठी एकसष्ट.
गणितात अठ्ठ्याऐंशी होते, ते कुणी विचारलं नाही.
फोनवर अप्पा थोडा वेळ गप्प,
मागं कुणीतरी तेजाबाची बाटली मागत होतं.
म्हणाले, एकसष्ट टंच.
म्हटलं, कमी ना?
म्हणाले, चोख सोनं नुसतं बघायला बरं,
अंगठी केली तर बोटातच वाकती.
तांबं लागतं गं थोडं.
मग म्हणाले, पण एकोणचाळीस म्हणजे जरा जास्तच तांबं.
आणि खोकल्यासारखं हसले.

फोन ठेवता ठेवता म्हणाले, एक पत्र लिही की मला.
फोन असताना?
व्हय, फोन असताना.

तीर्थरूप अप्पांना, शिरसाष्टांग नमस्कार.
शि पहिली, ती मला झोपेतही चुकायची नाही.
समास सोडला, तारीख उजवीकडं, गाव तिच्या खाली.
मग पहिली ओळ लिहिली,
जेवलासा का?

पेपरात लिहिली असती
तर अर्धा गुण गेला असता.