पुठ्ठा

ब्रॉम्सग्रोव्हला नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
गॅरेजमध्ये त्रेसष्टची एमजी, नाक वर करून स्टँडवर,
पोटाखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा.

आधी पुठ्ठा वाच, ग्लिन पार्जेटर म्हणतो.
एकोणीस वर्षं लाँगब्रिजला इंजिनं जोडली त्याने.
आता उजवा हात कपातला चहा बशीत आणतो,
म्हणून पाना माझ्याकडे
आणि बॅटरी त्याच्या डाव्या हातात.

प्रत्येक डागाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ, शेजारी तारीख.
ठिबकतं तिथे गळत नसतं, तो सांगतो.
वारा तेल मागे नेतो, उतार खाली.
चोर वर शोध. आणि पुढे.

मी सात रविवार खालीच बघत होतो,
सापडेल तो बोल्ट आवळत होतो,
काही तर निव्वळ रागाने.

मग रॉकेल, जुना टूथब्रश,
आणि नातवासाठी आणलेल्या पावडरीचा डबा.
अख्खं इंजिन पांढरंफटक,
न्हाऊमाखू घातल्यासारखं.
दहा मिनिटं चालू ठेवलं.
बाजूच्या मागच्या झाकणाच्या वरच्या कडेला
उगवला एक काळा ठिपका.

"तीट," मी म्हणालो.
म्हणजे काय, त्याने विचारलं.
गोंडस बाळाला दृष्ट लागू नये म्हणून, मी सांगितलं.
ग्लिनने बॅटरी फिरवून नीट पाहिलं.
हिला लागून गेली आहे, म्हणाला.

कार्ब्युरेटर उतरवले. मॅनिफोल्ड उतरवला.
एक नट गडगडत कुठे गेला तो अजून सापडलेला नाही.
झाकणामागचा कॉर्क भिजल्या खारीसारखा हातात आला.
आणि झाकणाला मधोमध खळगा:
आधीच्या कुणा मालकाने जीव खाऊन आवळलेलं.
त्या माणसाला मी कधी भेटलो नाही,
पण ओळख पटली.

लाकडावर ठेवून, हलक्या हाताने ठोकून सपाट केलं.
नवा कॉर्क. बोटांनी बोल्ट.
मग पाव आटा.
"बस," ग्लिन म्हणाला.
माझं मनगट अजून थोडं पुढे जाऊ बघत होतं.
"बस म्हटलं ना."

सकाळी पुठ्ठ्यावर एकच थेंब,
लिंबाच्या बीएवढा, पार मागे.
तो क्रँकचा, ग्लिन म्हणाला.
तिथे सील नसतंच. नुसते उलटे आटे कोरलेले,
फिरतात तोवर तेल आत ढकलत राहतात.
थांबलं की गळतं.
इंजिन बाहेर काढलं तरी ते असंच.

मी थेंबाभोवती वर्तुळ काढलं, सवयीने मराठीत ७ लिहिला.
हे काय?
सात.
दे इकडे, म्हणाला,
आणि त्याच्या त्या उजव्या हाताने
पुठ्ठ्यावर पेन्सिल टेकवली.
रेघ थरथरत खाली गेली, वळली,
आत वळताना जरा अडखळली.

माझ्यापेक्षा बरा आला त्याचा सात.