सहा महिन्यांचा रकाना

पावणेदोनला आणला, संकेश्वरच्या पलीकडून.
उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही,
मोटरसायकल थेट मोळ्यांत घुसलेली.
केसांत पाचट. सिस्टर कल्लव्वा वेचत होत्या.

"एल्लि नोवैती?" मी विचारलं.
त्यानं मराठीत पाणी मागितलं.
फॉर्मवर मातृभाषेचा रकाना आहे,
तो मी नेहमी शेवटी भरते.

पोट उघडलं. प्लीहा फुटलेली,
पिकल्या अंजिरासारखी म्हणणार होते, पण नाही,
फुटलेल्या प्लीहेसारखीच होती ती.
दोन्ही हात मनगटापर्यंत आत
आणि डोक्याशी पाच्छापुरे आकडे सांगतायत:
साठ. पन्नास. थांबा, मॅडम, थांबा.
घड्या दाबून मी थांबले.
पंधरा वर्षांत हेच नीट शिकले आहे,
हात न हलवणं.

माझ्या अभ्यासातला तो एकशे सत्तेचाळीस.
अपघात ते पहिला छेद: तीन तास दहा मिनिटं.
त्यातला दीड तास गेला
हद्दीच्या अलीकडे एका आणि पलीकडे एका दवाखान्यात,
कार्ड कुठल्या राज्याचं, यावर.
या वेळेला माझ्या तक्त्यात नाव नव्हतं.
पेन्सिलीनं लिहिलं: विचारपूस.

दोनशे बारा माणसं.
चौतीस जणांचा सहा महिन्यांचा रकाना कोरा.
छापताना लिहायचं, पाठपुरावा सुटला.
गाठ सुटते, दाव्याची गाय सुटते,
खाटेवरची म्हातारी गेली की
शेजारी म्हणतात, सुटली बिचारी.
मी शनिवारी दुपारी फोन घेऊन बसते.

"भरमाणींचं घर का?"
"कोण बोलूलालाय?"
"बेळगावहून. हॉस्पिटलातून."
बराच वेळ काही नाही. मग,
"बिल ऱ्हायलंय काय ओ?"
"नाही हो. बरे आहेत का, एवढंच."
"बरे हायत की! कारखान्याला ऊस वाहूलालेत,
ट्रॅक्टरवर."

मी पेन खाली ठेवलं.
"ट्रॉलीला मागं दिवा आहे का?"
"थांबा हं, बघून येतो," बाई म्हणाली,
आणि फोन तसाच ठेवून गेली.

कोंबड्या. बादली घासल्याचा आवाज.
लांब कुणीतरी इंजिन चालू केलं.
रकाना बोटभर रुंद: बरा, अपंग, मृत.
"बरा"वर खूण करून
मी समासात थोडी जागा केली
आणि फोन कानाशी धरून राहिले.