एका पानात बसवा

वाघचौरे आले तेव्हा मी कुणाच्या तरी लग्नाच्या
बायोडेट्यातला गणपती मधोमध घेत होते.
म्हणाले, असाच एक माझा करा. नोकरीचा.
खिशातून घडी काढली: मुलीचा,
गेल्या वर्षी याच दुकानात केलेला.
उंची, रास, नाडी, मामाचं गाव.
यात फक्त नाव बदला.

भोसरीत, लांडेवाडीच्या अलीकडे माझं दुकान,
झेरॉक्स, लॅमिनेशन, डीटीपी.
समोरून कंपन्यांच्या बस जातात,
आणि एखादी बस यायची बंद झाली
की महिन्याभरात तिच्यातली माणसं
एकेक करून माझ्या स्टुलावर येऊन बसतात.

नाव, तुळशीराम भिकाजी वाघचौरे.
शिक्षण, आयटीआय, फिटर.
अनुभव, सव्वीस वर्षं, एकच कंपनी.
पुढे?
पुढे काय, कामाला जात होतो.

मी म्हटलं, काका, असं नाही चालत.
समोरचा साहेब पान हातात धरतो
ते चहा येईपर्यंत.
तेवढ्यात त्याला कळलं पाहिजे
तुम्ही आलात तर त्याचं काय भलं होणार.

ते बराच वेळ वर बघत राहिले.
मला वाटलं, रागावले.
मग म्हणाले, ताई, या पंख्याचं बेअरिंग गेलंय.
आठवडा काढेल फार तर.

कशावरून?
आवाज.
तिकडं ग्राइंडिंगला अकरा मशिनं होती,
डबा खाताना कळायचं मला कोणतं कण्हतंय.
साहेब लॅपटॉप जोडून खात्री करायचे,
तोवर मी पाने घेऊन उभा.

अहो, मग हे लिहायचं ना!
हे काय लिहायचं? हे तर येतंच.

मग मी गळ टाकून बसले,
विहिरीत पडलेला पोहरा शोधतात तशी.
हाताखाली किती पोरं शिकली?
मोजली नाहीत.
आता मोजा.
बोटांच्या पेरांवर चौदापर्यंत आले
आणि पंधराव्याला अडले,
तो अर्ध्यात सोडून गेला, त्याला धरायचं का?
बिनपगारी रजा?
आईच्या वेळी, अकरा दिवस.
अपघात?
त्यांनी डावा हात टेबलाखाली घेतला.
मी पुढचा प्रश्न विचारला.

टाइप केलं:
मशिन बिघडण्याआधी बिघाड ओळखतो.
चष्मा वर सरकवून त्यांनी वाचलं.
'आधी' जरा जास्त होतंय. 'बिघडता बिघडता' करा.
काका, जरा चढवून लिहावंच लागतं.
चढवाल हो तुम्ही,
पण तिथं खुर्चीत बसून बोलायचंय मला.
पटलं. बदललं.

गणपतीचं मात्र ऐकेनात.
नोकरीच्या कागदावर देव नसतो म्हटलं
तर म्हणाले, बारीक अक्षरात टाका.
टाकला, आठ पॉइंटमध्ये.
तेवढ्यानं शेवटची ओळ दुसऱ्या पानावर गेली,
एकटीच. चौदा जणांना काम शिकवलं.
समास आवळले, जन्मगाव काढलं,
वैवाहिक स्थिती काढली,
ती ओळ वर घेतली.

सहा प्रती. दोन चाकणला, दोन रांजणगावला,
एक तळवड्याला मेव्हण्याच्या ओळखीनं,
एक घरी.
शाईचा वास जाईपर्यंत
त्यांनी कागद घडी न घालता धरून ठेवला.
माणूस आपला नवा चष्मा धरतो तसा.
जाताना दारात थांबून म्हणाले,
एवढं सगळं मीच केलंय होय.
प्रश्न नव्हता तो. मी उत्तर दिलं नाही.

पंखा सहाव्या दिवशी थांबला,
गुरुवारी, दुपारी, भर गिऱ्हाइकात.

घामाघूम मी फाइल उघडली,
'बिघडता बिघडता' पुसलं,
'बिघडण्याआधी' लिहिलं, सेव्ह केलं.

प्रती तर कधीच गेल्या होत्या.
नव्या काढायला अजून आलेले नाहीत.
याचे अर्थ दोन होतात.
बस गेली की मी
खिडकीतल्या माणसांकडे बघते.