दोन मीटर

तिब्लिसीच्या कोरड्या पुलाशी, शनिवारी,
नुक्रीनं चादरीवर मांडलेलं असतं:
समोवारचा नळ, पदकं, दंतवैद्याचे चिमटे,
आणि कडेला, लोकरी मोज्यात गुंडाळलेली, ही लेन्स.
"मोजा फुकट," म्हणाला. "काच चाळीस लारी."

घरी आणून, मध्ये एक कडं घालून
नव्या कॅमेऱ्यावर बसवली.
स्क्रीन म्हणाली: लेन्स जोडलेली नाही.
काढली, पुसली, पुन्हा लावली.
लेन्स जोडलेली नाही.
आणि त्याच अक्षरांमागे
लोखंडी जिना, जेरेनियमची कुंडी,
शेजारच्या मझियानं वाळत घातलेले पडदे
लख्ख दिसत होते.

शेवटी मेनूत खोल शिरून परवानगी दिली:
लेन्स नसली तरी शटर उघडावं.
उघडलं.

फोकसची रिंग थिजलेल्या मधासारखी.
रेटत आणावी लागते अनंतापासून,
दहा, पाच, तीन,
आणि दोनवर एकदम सैल पडते.
तिथला आकडाही झिजलाय.

पुढच्या शनिवारी विचारलं.
"लग्नं," नुक्री म्हणाला.
"रुस्तवीचं नोंदणी कार्यालय, एकोणतीस वर्षं.
दोन मीटरवर नवरा-नवरी मावतात,
आई मावत नाही.
आईसाठी मागं सरकायला हवं.
मागं भिंत होती."
दिवसाला सात जोडपी, प्रत्येकी पाच फोटो.
"आणि छत्तिसावा?"
त्यानं चिमटे उगाच सरळ केले.
"छत. कधी माझे बूट.
एकदा रडणारी एक करवली,
पण ती हलली."

मी त्याला कालचा फोटो दाखवला:
बागेत बाकावर मझिया, आणि तिच्यामागं
चिनाराची पानं भोवऱ्यासारखी फिरताहेत.
त्यानं चष्मा कपाळावर ढकलला.
"हे काय फिरतंय?"
"तुमचीच लेन्स. मागं झाडं असली
की असंच करते."
बराच वेळ बघत राहिला.
"त्यांच्या मागंही भिंतच होती," म्हणाला.

मग विचारलं, यात किती उरलेत?
अकराशे चार, मी म्हणाले.
तो हसला, खोकला,
चादर ओलांडून पुलाच्या झाडांकडे पाठ करून उभा राहिला.
कॉलर नीट केली.
एक पाऊल पुढं आला, अर्धं मागं गेला,
थांबला.

मला रिंग फिरवावी लागली नाही.