खिळा

भंवरकुव्याजवळ, तिसऱ्या मजल्यावर
माझी एक खोली आहे.
म्हणजे बँकेची. न्हाणीघराचं दार तेवढं माझं,
ते मी रोखीनं बदललं.

हप्ता नऊ हजार चारशे.
भाडं साडेसात.
मधल्या फटीत मी शिकवण्या घेते
आणि राहते सुदामा नगरात,
भाड्यानं.

किल्ली घेताना खरगोनची ती पीएससीवाली,
माझ्याहून दोन वर्षांनी मोठी,
म्हणाली, "दीदी, एक खिळा ठोकू?
घड्याळापुरता."

मोघेकाकूंचं वाक्य
माझ्या तोंडात तयारच होतं.
सहा वर्षं माझं घड्याळ
खिडकीत उताणं, छताकडे बघत पडलंय.

"ठोक की," म्हटलं.

आणि जिन्यात थांबून मोजत राहिले ठोके.
चार. पाच. सहा.
एका घड्याळाला
एवढे लागतात?