काचांचा हिशेब

निपाणी स्टँडच्या कंट्रोलर केबिनमध्ये
दोन फोन होते.
एक बेळगावचा, वरच्यांचा. तो वाजला की
हिरेकोडी साहेब खुर्चीतून उठून बोलत.
दुसऱ्याच्या डायलवर आठ फिरायचा नाही.
कागलच्या नंबरात आठ नव्हता.

"सोडू का?"
पलीकडून मगदूम विचारायचे. नमस्कार नाही, नाव नाही.
साहेब खिडकीतून हायवेकडे बघत.
"थांब. नाक्यावर पोरं हाईत अजून.
चहा पिऊन घे."
मग कोगनोळीच्या पल्याड
सात गाड्या चहा प्यायच्या.
कधी विचारायची पाळी आमची असे,
आणि चहाही आमचाच.

मगदूमांना कानडी येत होती, आईचं माहेर हुक्केरीचं.
फोनवर मात्र बोलले नाहीत कधी.
ड्युटीवर नको, म्हणायचे.

मी हिशेबनीस. माझ्याकडे दोन वह्या.
एक डिव्हिजनला जायची.
दुसरी पोत्याच्या सुतळीनं शिवलेली:
डावीकडं त्यांच्या फुटलेल्या, उजवीकडं आमच्या.
चासी एकाच कंपनीची असली
की तिकडची काच इकडं बसते,
रबर तेवढं नवं लागतं.

एका डिसेंबरात बेळगावात अधिवेशन भरलं.
त्यांच्या चार, आमच्या तीन.
संकेश्वरी मिरचीच्या टेंपोत, पोत्यांच्या मधोमध,
गोधडीत गुंडाळून एक काच उभी गेली.
भरमा ड्रायव्हर शिंकत शिंकत सांगायचा,
तिखटाच्या गाडीत हात घालून
कोण पोलीस बघतोय?

काळं फासायला
दोन्हीकडची पोरं दोशींच्याच दुकानात.
एक लिटर काळा, एक ब्रश.
दोशी पावती फाडून द्यायचे. घ्या, म्हणायचे, लागते.
आणि संध्याकाळी पुसायला
टर्पेंटाइन आम्हीही तिथूनच आणायचो,
उधारीवर.

एकदा विचारलं, साहेब, तुम्ही भेटलाय का त्यांना?
"भेटलो की. नाक्यावरच. वीस-बावीसचे असताना.
तो त्या बाजूला, मी ह्या.
ही खूण त्याची असेल, नसेलबी.
त्या दिवशी दगड लई होते."
भुवईवरून बोट फिरवलं त्यांनी
आणि माईक ओढून चिक्कोडीची गाडी पुकारली,
आधी कानडीत, मग मराठीत,
मग पुन्हा कानडीत, कारण एक म्हातारी चुकीच्या गाडीत चढत होती.

मगदूम रिटायर झाले हे कुणी कळवलं नाही.
एके सकाळी नव्या आवाजानं विचारलं,
"आपला लेखी आदेश आलाय का?"
साहेब "बर्री" म्हणाले आणि रिसीव्हर ठेवला.
हात त्यावरच राहिला थोडा वेळ.
त्या दिवशी गाड्या रात्रीपर्यंत उभ्या.
आमच्याकडच्या बायका उसाच्या ट्रॉलीतून गेल्या पलीकडं,
लग्न होतं कुणाचं तरी.

परवा माळ्यावर ती वही सापडली.
शेवटच्या पानावर माझंच अक्षर:
कागल देणे, मागची काच, डावी, नग एक. रबरासह.
साहेब आता यमकनमर्डीला, मुलाकडं.
कमी ऐकतात. वही समोर धरली.
चष्मा कपाळावर सारून, डोळ्यांजवळ नेऊन वाचली.
"मागची की पुढची?"
मागची.
"मग घाई न्हाई," म्हणाले.
वही मिटली, सुतळीची गाठ चाचपली.
"रबर मात्र पाठवून दे.
ते वाळतंय."