तीन मिनिटांची खोली

मावशीचा फोन आला तेव्हा मी बारी शहरात
कुणाच्या तरी छताला पांढरा देत होतो.
"ऑगस्टात घरी येशील, तेव्हा ब्रश आण.
बैठकीची खोली मला व्हिडिओसारखी करायचीय."
कुठल्या व्हिडिओसारखी?
"गाण्याच्या. एकदाच पाहिलाय.
सत्त्याऐंशी साली, मार्चात, मंगळवार होता."

दुर्रेस. चौथा मजला. लिफ्ट कधीच नव्हती.
सोफ्यावर जुनी चादर टाकून ती तयारच बसलेली,
हातात विजेच्या बिलामागे पेन्सिलीने काढलेला नकाशा:
इथे आडव्या पट्ट्यांचा पडदा,
म्हणजे ऊन वहीच्या रेघांसारखं भिंतीवर येईल.
इथे पांढरा टेलिफोन, कशाला जोडायचा नाही.
फरशी बुद्धिबळाची.
आणि इथे खुर्ची, आपल्याकडे पाठ करून.
"ती बाई अशी बसते. शेवटपर्यंत वळत नाही."

भिंतीचा रंग?
प्रान्वेरा मावशीने माझी कीव केली.
"टीव्ही काळा-पांढरा होता रे, लेका."

समुद्रापलीकडचं चित्र बघणं हा तेव्हा गुन्हा.
पेत्रित काका अंधार पडल्यावर गच्चीवर चढायचा,
अँटेना इटलीकडे वळवायचा,
उजाडायच्या आत पुन्हा सरकारी दिशेला.
खालच्या मजल्यावर हुस्नी. झोपेतही त्याचे कान जागे.
म्हणून आवाज शून्यावर.
म्हणजे गाणंसुद्धा…?
"नाही ऐकलं," ती म्हणाली,
आणि कॉफी उतू जायच्या आत उचलली.

मग कपाशी बोलावं तसं बोलली:
"चित्र आलं की मी पाइपवर चमचा वाजवायचा,
मग त्याने तारेने बांधून खाली यायचं.
पण बांधताना हमखास हलायचं.
त्या रात्री आधी नुसता बर्फ पडत होता काचेवर,
आणि एकदम लख्ख. ती खोली.
मी चमचा हातात धरून बसले.
वाजवला नाही.
वर तो गज धरून उभा, समुद्राचं वारं, अंगात स्वेटर एकच.
खाली आला तेव्हा बोटं मिटत नव्हती.
म्हणाला, आज काहीच नाही ना?
मी म्हटलं, नाही."

काकाला जाऊन नऊ वर्षं झाली.
तिने कप बशीत उपडा घातला, त्यात काही वाचलं नाही.

रात्री जिन्यात बसून मी फोनवर शोधलं.
पट्ट्या, बुद्धिबळ, पाठमोरी बाई: सापडलं.
भिंत चक्क केशरी. टोमॅटोच्या रसात दूध सांडावं तशी.
खुर्ची पोपटी!
सकाळी फोन तिच्यापुढे धरला.
"आवाज बंद कर," ती म्हणाली.
हात लांब करून, डोळे बारीक करून पाहत राहिली,
आणि मध्येच फोन परत दिला.
"इथे तो खाली आला."
पुढे सव्वा मिनिट उरलं होतं.
पुढे ती बाई वळते.
मी फोन खिशात टाकला.

केशरीचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही.
पांढऱ्यात चिमूटभर काळा, थेंबभर निळा.
पहिला राखाडी तुरुंगासारखा, म्हणाली.
दुसरा दवाखान्यासारखा.
तिसऱ्यात मी चुकून निळा जास्त ओतला,
आणि तो तिने बोटाने मनगटावर लावून पाहिला, शिरेशेजारी.
"हा."

फरशीला पैसे पुरले नाहीत. प्लास्टिक चिकटवलं,
कोपऱ्यात दोन काळे चौकोन शेजारी-शेजारी आले, येऊ दे.
टेलिफोन जुन्या बाजारातला, पिवळट.
पडदा मी डावीकडे जरा तिरका ठोकलाय, कबूल आहे.

संध्याकाळी ओल्या भिंतीवर ऊन तिरकंच पडलं.
मावशी खुर्चीत बसली, आमच्याकडे पाठ करून.
आमच्याकडे, म्हणजे मी, शिडी, आणि दोन रिकाम्या बादल्या.
बराच वेळ.
मग उठली, बशीतला चमचा घेतला,
आणि पाइपवर दोनदा वाजवला.

वरच्या मजल्यावर एक विद्यार्थी राहतो, परीक्षा चालू आहे त्याची.
त्याने वैतागून उलट ठोकलं.